बेडकांना भिणारे डॉक्टर

यवतमाळात कुणालाही विचारा. कचेरीतला कारकून चालेल, कापूसबाजारातला अडत्या चालेल, सायकलीचं पंक्चर काढणाराही चालेल. ते डॉक्टर कसे होते असं विचारलंत की माणूस आधी हसेल आणि मग सुरू होईल. बेडूक दिसला की खुर्चीवर चढत. मॅट्रिकला गणितात तीनदा आपटले होते. झोपताना पायात बूट घालत. पांघरुणात तोंड खुपसून गूळ खात. न्हाव्याच्या वस्तऱ्याची धास्ती म्हणून स्वतःचे केस स्वतःच कापत.

मीही हे सगळं खरं धरून चाललो होतो. बेडकाची बातमी तर गावभर माझ्यामुळेच झाली. त्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. एरवी मी नाव घेऊन, जमल्यास गल्लीसकट लिहिणारा माणूस आहे. ढोंगी माणसाला ढोंगी म्हणायला मी कधी कचरलो नाही आणि त्यापायी दोनदा मारही खाल्ला आहे. पण इथं कुणाचंच नाव येणार नाही. का, ते पुढं कळेल.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आमचं मंडळ म्हणजे चार पोरं, एक टेबल आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याशी ओळख. मी लिहायचं, त्यानं छापायचं, चौघांनी वाटायचं. त्या वर्षी आमचं पत्रक निघालं, ‘वांझ कोण?’ लग्नाला चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की बाईला उपास, बाईला अंगारे, बाईला पोटावर डाग, आणि शेवटी बाईच्या उरावर सवत! नवऱ्याला कुणी ‘जरा इकडं ये’ म्हणत नाही. दुसरी बायको करायला आता कायद्यानं बंदी आहे म्हणे. असेल! कायदा यवतमाळच्या कचेरीत राहतो. गावात सासू राहते.

पत्रक वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. मी छाती काढून गेलो. त्यांच्यापुढं माझं पत्रक होतं आणि हातात तांबडी पेन्सिल.

“बसा, पत्रकवाले,” ते म्हणाले. सगळ्या जगाला ते अहोजाहो करत. दाराशी आलेल्या शेळीलाही “बाहेर व्हा” म्हणत. “तुमचा राग छान आहे. माहिती वाईट आहे. पुरुषात दोष असतो तो दारू आणि बदफैलीमुळं, असं लिहिलंय तुम्ही. कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे ते.”

“मग बाई वांझ असते हेही सगळ्यांना माहीत आहे. तेही छापा.”

मी सांगितल्यासारखा बसलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

त्यांच्या दवाखान्यात पाटी होती, ‘जोडीनं आल्याशिवाय तपासणी नाही’. तरी बायका यायच्या त्या सासूबरोबर. अशा वेळी डॉक्टर सुनेला बाकावर बसवत आणि सासूला तपासत. जीभ बघत, नाडी बघत, छातीला नळी लावत, डोळ्यांच्या पापण्या ओढत, गुडघ्यावर हातोडी मारत. सासू आधी खूश, मग गोंधळलेली. शेवटी डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणत, “आईसाहेब, तुमची तब्येत उत्तम आहे. तुमच्यात काही दोष नाही. आता घरातलं तिसरं माणूस राहिलं, त्यांना धाडून द्या.”

वाट बघणाऱ्यांपुढं ते भुईमुगाच्या शेंगांची टोपली ठेवत. फोडा आणि खा. त्यांचं म्हणणं, हाताला काम असलं की माणूस खरं बोलतो. आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शकावर कापडी खोळ नव्हती, लहान मुलाचं टोपडं होतं, गुलाबी, कानावर बंद असलेलं. या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बेडूक, गूळ आणि बूट मात्र फक्त ऐकले. हा फरक तेव्हाच ध्यानात यायला हवा होता.

आषाढात एक जोडपं पत्रक हातात धरून मंडळात आलं. दारव्ह्याकडचं होतं. बोरी अरबचं नव्हे, तेव्हा तिकडच्यांनी उगाच एकमेकांकडे बघू नये. नवऱ्याला आपण गुरुजी म्हणू. ते खरोखर गुरुजी होते की नव्हते, हे तुम्हाला काय करायचं आहे? बायकोला मी वहिनी म्हणायला लागलो ते त्या दिवसापासून.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. वहिनी सांगत होत्या आणि गुरुजी स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“सासूबाईनं संकरातीची मुदत देल्ली, भाऊजी. तवरिक दिवस गेले त ठीक. नाई त यायच्यासाठी पोरगी पाहून ठेवली हाय. माह्याच मावसबहिनीची नणंद.”

“आणि तुम्ही काय म्हणता?” मी गुरुजींवर कडाडलो.

“मी काय म्हनू?” गुरुजी म्हणाले. “माय हाय ते.”

मी त्यांना तिथंच एक भाषण दिलं असतं. पण वहिनी म्हणाल्या, “याइले नका बोलू. इथपावतर आले, हेच खूप झालं,” आणि मी दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तपासणी झाली. डॉक्टरांनी टोपडं काढलं, बराच वेळ नळीतून पाहिलं, टोपडं परत घातलं आणि त्याचे बंद नीट बांधले. मी उठायला लागलो, तर गुरुजींनीच माझा हात धरून बसवलं. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, कापूस भरघोस आहे. सरकी एकही नाही.”

यवतमाळ जिल्ह्यात याहून सोपं कुणाला सांगता येणार नाही. वीर्य होतं, त्यात शुक्रजंतू नव्हते. लहानपणी गालफुगी झाली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. झाली होती, तेराव्या वर्षी, आणि सूज खाली वृषणांतही उतरली होती. “ताकदीचा संबंध नाही, पापाचा संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले. “एक ताप आला आणि जाताना सरकी घेऊन गेला.”

मग वहिनी म्हणाल्या, “म्हंजे माहे आठ वर्साचे सोमवार फुकट गेले का जी?”

“फुकट कसे? पचन सुधारलं असेल.”

त्या आधी रडल्या आणि मग हसल्या. हसताना पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं. गुरुजी आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना चारचौघांत हसताना बघत असावेत. ते डोळे विस्फारून बघतच राहिले.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. मूल दत्तक घ्या. मुलाशिवाय दोघं सुखानं राहा. किंवा सरकी दुसरीकडून आणा. दुसऱ्या कुण्या निरोगी पुरुषानं दिलेलं वीर्य पिचकारीनं पोचवायचं, बाईच्या दिवसांचा हिशेब धरून, बरोबर मधल्या काळात. त्या पुरुषाचा आणि बाईचा संबंध शून्य. तो कोण हे जोडप्याला कळणार नाही आणि जोडपं कोण हे त्याला.

“सरकारी दवाखान्यात म्हशीले करते तसं?” गुरुजींनी विचारलं.

“तसंच. फक्त म्हशीला कुणी विचारत नाही. इथं दोघांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावत नाही.”

गुरुजी पंधरा दिवस आलेच नाहीत. मग एका सकाळी छोट्या लाइनीच्या आगगाडीनं एकटेच आले. शेंगा फोडल्या, पाऊण टोपली संपवली आणि एकच प्रश्न विचारला, “ते लेकरू माह्यासारखं चालन का?”

“चाल पोटात मिळत नाही, गुरुजी. घरात मिळते.”

“मंग होय म्हना,” गुरुजी म्हणाले.

आता दाता हवा. मोठ्या शहरात डॉक्टर होऊ घातलेली पोरं असतात, हे काम तीच करतात. आमच्या गावात असे विद्यार्थी कुठले? मी टेबलावर हात आपटला. “मी देतो! मी नुसती पत्रकं वाटणारा माणूस नाही!”

“बसा. तुम्ही या जोडप्याला ओळखता, तेव्हा यांच्यासाठी तुम्ही बाद. पण आणखी जोडपी थांबली आहेत,” म्हणून त्यांनी अटी सांगितल्या. घराण्यात फिट, वेड, जन्माचं आंधळेपण नको. वाईट रोगासाठी रक्त तपासायचं. स्वतःला एक तरी धडधाकट मूल असलेला बरा आणि त्याच्या बायकोला हे माहीत असायलाच हवं. पैसे मागणारा नको. फुकट देतो म्हणून मिरवणारा तर मुळीच नको. द्यायच्या आधी तीन दिवस संयम. देताना कोरडी, उकळून घेतलेली काचेची बाटली. आणि तासाभरात बाटली दवाखान्यात.

ते काम कंपाउंडर चाचांचं. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं जेमतेम. बाटली कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला चिकटून, म्हणजे तिची ऊब जात नाही. खिशात बाटली असली की चाचा सायकल अशी चालवत की रस्त्यावरचा एक खड्डा त्यांना लागत नसे. मी एकदा विचारलं, “चाचा, कुणाकडून आणता हो?” तर म्हणाले, “अल्लाकडून. तुमी पत्रक छापा, भाई.”

“मग माझं रक्त कधी घेता?” मी डॉक्टरांना विचारलं.

“बघू. तुमचं अजून लग्न व्हायचं आहे.” मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा बाहेर पावसाचं पाणी साचलं होतं. ते उंबऱ्यावर थबकले आणि हळूच म्हणाले, “पत्रकवाले, कुणाला सांगू नका. मला बेडकांची फार भीती वाटते. दिसला की मी खुर्चीवर चढतो.”

मी कुणालाच सांगितलं नाही. खिळे जुळवणाऱ्याला तेवढं सांगितलं. त्यात काय होतं? कुणाची अब्रू जात नव्हती. एवढा शहाणा माणूस आणि बेडकाला भितो, हसायची गोष्ट होती, हसलो.

इकडं मी नव्या पत्रकाला बसलो होतो. ‘एका गुरुजीचं धैर्य’. दोष माझ्यात आहे असं कबूल करणारा पुरुष आपल्या जिल्ह्यात निघाला! नाव नव्हतं, पण तालुका होता आणि लग्नाची आठ वर्षं होती. माझं ठाम मत होतं की लपवाछपवी हीच सगळ्या रोगांची आई आहे. गुरुजींनी आज ना उद्या भर बाजारात उभं राहून सांगायला पाहिजे. मजकूर खिशात घालून मी डॉक्टरांकडे निघालो.

श्रावण सरत आला होता. दवाखान्यात गुरुजी आणि वहिनी बसले होते. दात्याचं ठरलं होतं, पुढच्या महिन्यापासून सुरुवात करायची होती. वहिनी खुशीत होत्या. शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, “डाक्टरसायेब, जपून जाजा बरं बाहिर. पान्याचे दिवस हायत. बेंडकं निंघतीन.”

गुरुजी हसले. मी हसलो. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, “तुम्हाला कुठं कळलं, बाई?”

“गाडीत बोलून राह्यले होते न लोकं. आमच्या गावात त पोट्टे तुमची नक्कल करते. खाटीवर चढून.”

“किती दिवस झाले?”

“झाले असन सात-आठ.”

“सोडला त्याला पंधरवडा झाला. म्हणजे बेडूक आठ दिवसांत तुमच्या गावाला पोचला,” डॉक्टर म्हणाले. एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या हसायच्या थांबल्या. “खरं हाय का ते?” त्यांनी विचारलं. “कोनाले सांगतलं होतं तुमी?”

मला खोटं बोलता येत नाही, त्याचा मला तोवर अभिमान होता. मी म्हणालो, “मला सांगितलं होतं, वहिनी. मी एकालाच सांगितलं.”

त्या उठल्या. पिशवी उचलली. “चला जी,” गुरुजींना म्हणाल्या. “नाई करायचं आपल्याले. बेंडूक आठ दिवसांत आला, त माही गोठ चार दिवसांत येईन.”

“वहिनी, बेडकाची गोष्ट निराळी!” मी म्हणालो. “तो निरुपद्रवी—”

“निरुपद्रवी म्हणूनच तुम्हाला दिला होता,” डॉक्टर म्हणाले.

वहिनी दारात थांबल्या. माझ्याकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “भाऊजी, तुमचं पत्रक वाचून मी गावात पयल्यांदा ताठ चालली. खोटं नाई सांगत. पन माह्या लेकराचं पत्रक नका करू.”

लेकरू अजून कशातच नव्हतं. तरी त्यांचा एक हात पोटावर होता.

मी खिशातला मजकूर काढला. चार कागद होते. फाडले. माझ्या हातून माझं लिखाण फाडण्याची ती पहिलीच वेळ. तुकडे शेंगांच्या टरफलांत टाकले. चाचा आले आणि टोपली उचलून मागच्या चुलीत रिकामी करून आले.

वहिनींनी ते पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली. “एक सांगते,” त्या म्हणाल्या. “आमी येऊ त्या दिवशी हे इथं नाई पाह्यजेत.”

“मंजूर,” मी म्हणालो. त्यानंतर चार महिने मी त्या गल्लीतून सायकलही नेली नाही.

ते गेल्यावर माझ्या टाळक्यात उजेड पडला. “डॉक्टर, म्हणजे गुळाचंही?”

“तेही. प्रत्येक उमेदवाराला वेगळी गोष्ट. महिनाभर थांबायचं. बाजारातून जी परत येते, तिचा माणूस बाद.”

“वस्तरा? गणित?”

“गणितात मी पहिला होतो हो,” डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले. “बुटांचा माणूस मात्र फार धडधाकट होता. रक्त उत्तम, घराणं निरोगी, तीन गोजिरवाणी मुलं. दुसऱ्याच दिवशी दूधवाल्यानं माझ्या पायांकडे बघितलं. फार वाईट वाटलं.”

मी बोटांवर हिशेब केला. गाव ज्याला चक्रम म्हणून हसत होतं, तो चक्रम गावानंच एकेक तोंड उघडून तयार केला होता. आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांच्या गोष्टी गावाला माहीतच नव्हत्या. दाते म्हणजे तेच.

पुढचं मला वहिनींनी नंतर स्वतः सांगितलं आणि लिहायची परवानगीही त्यांचीच. डॉक्टरांचा नियम होता, पिचकारीच्या वेळी नवऱ्यानं बायकोच्या उशाशी बसायचं आणि बोलत राहायचं. काय बोलायचं? काहीही. पण मूल होतं त्या वेळी खोलीत बापाचा आवाज पाहिजे. पहिल्या खेपेला गुरुजींना घाम फुटला, शब्द सुचेना, तेव्हा त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हटला. एरवी सव्वीस पंचे चुकणारा माणूस, पण एकोणतीस अस्खलित! तीन महिने, दर महिन्याला तोच पाढा. कार्तिकात वहिनींना दिवस गेले. संक्रांतीच्या वाणात सासूनं त्यांना पहिलं वाण दिलं, आणि पाहून ठेवलेली पोरगी दुसरीकडे उजवली.

पुढच्या श्रावणात मुलगा झाला. आणि भर दुपारी मंडळाच्या दारात एक नऊवारीतली म्हातारी पेढ्याची पुडी घेऊन उभी राहिली. “तूच का रे तो कागदं वाटनारा?” मी ओळखलं. जिच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं ती सासू, सदेह. माझ्या तोंडात सतरा वाक्यं तयार होती.

“माही सून तुह्यासंगं कोन्या डाक्टरकडे गेलती म्हंते. कोनतं औषध देल्लं त्यानं? आन माह्या पोराले कायले बसवून ठेवे तिथं? खरं सांग. तू म्हने खरंच बोलतं.”

माझा जन्मभराचा धंदा खरं बोलण्याचा. समोर साक्षात ढोंग उभं होतं, आणि त्याच्या तोंडावर फेकायला माझ्या खिशात सगळ्यांत मोठं खरं होतं. मी म्हातारीकडे पाहिलं. तिच्या कपाळाला नातवाच्या तिटेचा काळा ठिपका लागला होता.

“कसलं औषध, आजी,” मी म्हणालो. “तो डॉक्टर येडा आहे. बेडकांना भितो. एकट्याला भीती वाटते म्हणून पेशंटच्या नवऱ्यांना सोबतीला बसवून घेतो.”

म्हातारी इतकी हसली की पेढे सांडले. “बाप्पा! खाटीवर चढते म्हंते थो, खरं हाय का?” ती पाऊण तास बसली. शेंगा असत्या तर फोडल्या असत्या.

ते डॉक्टरांच्या कानावर गेलं. कसं, ते विचारू नका. त्यानंतर चार वर्षांनी, माझं लग्न होऊन घरात मुलगी रांगायला लागल्यावर, त्यांनी मला परत बोलावलं. रक्त घेतलं, घराण्याची चौकशी केली. मग दारापर्यंत सोडायला आले, उंबऱ्यावर थबकले आणि हळूच एक गोष्ट सांगितली.

ती खरी होती की बनवलेली, मला माहीत नाही. पुढं डॉक्टर जिल्हा सोडून लेकीकडे राहायला गेले, तेव्हा विचारायचं राहून गेलं. माझ्या बायकोलाही त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. कोणती ते ती मला सांगत नाही, माझी मी तिला सांगत नाही. आम्ही एका ताटात जेवतो.

यवतमाळात जाऊन विचारा. बूट सांगतील, गूळ सांगतील, बेडूक तर पोरंही करून दाखवतील. आम्हा दोघांच्या या दोन गोष्टी मात्र तुम्हाला कुणी सांगणार नाही. आणि चाचांची सायकल पुढं आमच्या दाराशी थांबली की नाही, याचं पत्रक निघणार नाही.